ची आणि टक

गाडीतला आवाज मेकॅनिकला सांगायचा म्हणजे काही क्षण आपणच गाडी व्हावं लागतं. चांगली शिकलेली, नोकरीधंद्यातली माणसं गॅरेजच्या दारात उभी राहून तोंडाने 'खर्रर्र' आणि 'कुईं कुईं' करताना मी पाहिली आहेत. मिस्त्री शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "गाडी थंड असताना येतो का गरम झाल्यावर?" ते आपल्याला सांगता येत नाही. मग तो चावी फिरवतो आणि आठवडाभर डोकं उठवणारा आवाज नेमका त्या वेळी गप्प बसतो. दवाखान्याच्या पायरीवर दातदुखी थांबते तसा.

मराठीला खरं तर या बाबतीत काही कमी नाही. खडखड, खरखर, करकर, कुरकुर, घरघर, टकटक, ठकठक. गॅरेजात यातल्या प्रत्येकाला ठरलेला पत्ताही आहे. टकटक म्हणजे टॅपेट, कुईं म्हणजे बेल्ट, घूं म्हणजे हौसिंग (मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियल, पण त्याला सगळे हौसिंगच म्हणतात), खडखड म्हणजे सायलेन्सरचा क्लॅम्प. पत्ता बरोबर निघाला तर दोन-तीनशे रुपयांत काम होतं. नाही निघाला तर पत्त्यावरचा भाग बदलून होतो आणि आवाज जागच्या जागी राहतो. आमच्या व्हॅनचं दोनदा तसं झालं होतं. एका गॅरेजने टॅपेट सेट करून दिले, दुसऱ्याने बेल्ट बदलला. दोघांनीही गाडी रस्त्यावर चालवून बघितली नव्हती.

व्हॅन म्हणजे मारुती ऑम्नी. १९८४ साली ती आली तेव्हा तिचं नावच 'मारुती व्हॅन' होतं. ऑम्नी ती पुढे झाली, आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमच्या इचलकरंजीत तिला अजूनही व्हॅनच म्हणतात. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. बॉनेट असं काही नाही, इंजिन पुढच्या सीटखाली. ते बघायचं तर सीट उचलायची. ताकद मात्र मागच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा जातो. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. ही रचना पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती २०११ मध्ये जुनी घेतली आणि तेव्हापासून ते तिच्यातून शाळेची मुलं नेतात. सध्या सात आहेत. त्याआधी बावीस वर्षं ते यंत्रमागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस. विणणारा कामगार मागासमोर उभा असतो, जॉबर सगळ्या शेडमधून फिरत असतो. एखाद्या मागाचा ठोका बदलला की तो धावतो.

मागच्या जानेवारीत पुण्याहून पंधरा दिवस घरी आले होते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, लॅपटॉप उघडला की ऑफिस. पहिल्याच सकाळी अण्णांबरोबर व्हॅनमध्ये बसले तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक बारीक, धारदार आवाज यायला लागला. ची... अशी लांबलेली. वेग वाढला की सूर वर, कमी केला की खाली. स्टीलच्या ताटावर कुणी सुई ओढावी तसा.

"अण्णा, हे काय वाजतंय?"

"कुठं काय?"

"हे काय, आत्ता."

त्यांनी मान थोडी तिरकी केली, ऐकलं, आणि म्हणाले, "बेल्ट नवा टाकलाय की परवा. आता काय वाजत न्हाई. ते टक तेवढं वाजतंय, गाडी उचलताना."

मला टक ऐकू आलं नव्हतं. त्यांना ची ऐकू येत नव्हती. आम्ही दोघं एकाच गाडीत, एकमेकांपासून दोन फुटांवर बसून वेगवेगळ्या आवाजांबद्दल बोलत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याला भास होतोय.

घरी आईला सांगितलं तर तिने भाजी चिरता चिरता मान हलवली. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिने वर्षभरापूर्वीच अण्णांकडून काढून घेतलं होतं. तीन झाल्या की पाच, हे त्यांना सांगता येईना. बाजारात भाजीवाला 'साठ' म्हणाला तर अण्णांना 'आठ' ऐकू येतं आणि दोघांची हुज्जत होते. हे ती हसत सांगत होती. पण मार्चमध्ये लायसन्स रिन्यू करायचं होतं, आणि तिला धास्ती त्याची होती. व्यवसायाच्या गाडीच्या लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-ए. नेहमीचे इशाऱ्याचे आवाज ऐकू येणार नाहीत इतपत बहिरेपणा आहे का, असा एक प्रश्न त्यात असतो. घर त्या व्हॅनवर चालतं. मी पैसे पाठवते, पण अण्णा ते माझ्याच नावाने पोस्टात टाकतात.

इचलकरंजीच्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय असते, हे बाहेरच्यांच्या लगेच लक्षात येतं. पुण्यात पहिल्या वर्षी हॉस्टेलवरच्या मुली मला विचारायच्या, तू सारखी चिडलेली का असतेस? आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गाव वाजतंय. लहानपणी रात्री लाईट गेली की आम्ही दचकून जागे व्हायचो, कारण माग बंद पडायचे आणि एकदम शांत व्हायचं. धोट्याचा जुना माग मिनिटाला साधारण दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो, आणि दर खेपेला लाकूड, लोखंड आणि चामडं एकमेकांवर आदळतं. अशा मागांची रांग पत्र्याच्या शेडमध्ये चालू असते तेव्हा आवाज नव्वद डेसिबलच्या बराच वर जातो. माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात.

ठोक्यांच्या आवाजाने कान जातात हे काही नवीन ज्ञान नाही. इटलीतला रामाझ्झिनी नावाचा वैद्य अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या तांबटांबद्दल हेच लिहून गेला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्या रोगांची नोंद सरकारला कळवायची त्या यादीत, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा होता. यादीत होता, एवढंच. अण्णांनी बावीस वर्षांत कानात कापूससुद्धा घातला नाही. जॉबरने कान बंद केले तर तो काम कसलं करणार?

त्या बहिरेपणाची एक खोड आहे. तो सगळे आवाज सारखे कमी करत नाही. आधी साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज जातात. ठोका, धडधड, गुरगुर, हॉर्न हे खालच्या सुरांत असल्यामुळे ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला स्वतःला आपण बहिरे होतोय असं वाटतच नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत, असं वाटतं.

आता ची आणि टक या दोघांनाही शोधायचं होतं. कोड्याच्या निम्म्या भागाचं उत्तर तिसऱ्या दिवशी सकाळी मिळालं, आणि ते शाळेच्या मुलांनी दिलं. मी मागे मुलांबरोबर बसले होते. अण्णांनी पहिला गिअर टाकून गाडी उचलली आणि मागच्या तिघांनी एका सुरात 'टक!' केलं. मग गाडी वेगात आली तशी पुढच्या बाजूच्या दोघी 'चीऽऽ' करायला लागल्या. वळणावर गाडी थांबली, परत निघाली, परत टक. त्यांचा हा खेळ दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालेला होता. तिसरीतल्या एका मुलीने मला नियम समजावून सांगितले. ज्याने टक आधी म्हटलं तो जिंकला. रिव्हर्स घेताना टक मोठं असतं, त्याला दोन पॉइंट.

मला ऑफिसात बग शोधायचे पैसे मिळतात आणि इतकी स्वच्छ माहिती मला कुठल्या डेव्हलपरने आजवर दिलेली नाही. आवाज दोन होते. एक पुढे, सलग, इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होणारा. दुसरा मागे, एकदाच, गाडी उचलताना आणि दिशा बदलताना.

रविवारी मुलं नसतात. सकाळी आठला अण्णांनी व्हॅन गल्लीत सावलीला लावली आणि आम्ही कामाला लागलो. आधी ची.

गाडी जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर दिला. आवाज आला. म्हणजे चाकं, चाकांची बेअरिंगं, हौसिंग हे सगळं बाद. गाडी न हलताही येतोय म्हणजे तो इंजिनाच्या बाजूचा. मग क्लच पूर्ण दाबून बघितला. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरत असतो आणि क्लच दाबला की तो थांबतो, त्यामुळे तिथलं बेअरिंग वाजत असेल तर क्लच दाबताच आवाज बंद होतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच बेअरिंग. आमचा आवाज दोन्हीकडे ढिम्म. मग हेडलाइट लावले, ब्लोअर लावला. सूर तोच राहिला, पण आवाज जाडसर झाला. विजेची मागणी वाढली की अल्टरनेटरवर भार येतो. संशय तिकडे सरकला. तरी पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्याला इतक्यात सोडून चालणार नव्हतं.

हे सगळं करताना अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "आला? गेला? वाढला?" मी हाताने खूण करत होते. इंजिन त्यांच्या हातात आणि कान माझे, असं चाललं होतं. थोड्या वेळाने ते वैतागले. "तू म्हणतीस म्हणून आहे म्हणायचं, आणि काय."

तेव्हा मी मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारं एक ॲप उघडलं. फुकट मिळतात असली ॲपं. माइकमध्ये येणारा आवाज ते वेगवेगळ्या सुरांत फोडून दाखवतं. खाली जाड, बसका डोंगर दिसत होता, तो इंजिनाचा नेहमीचा आवाज. आणि उजवीकडे, बरंच लांब, एक बारीक उभी रेघ. ॲक्सिलरेटर दिला की रेघ उजवीकडे सरकायची, सोडला की मागे यायची. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः ॲक्सिलरेटरवर बसले.

त्यांनी बराच वेळ ती रेघ बघितली. मला दोन-तीनदा कमी-जास्त करायला लावलं. फोन गाडीपासून लांब नेऊन बघितला, रेघ बुटकी झाली. जवळ आणला, उंच झाली. मग म्हणाले, "म्हणजे आहे."

पुढे मला काही करावं लागलं नाही. ते आत गेले आणि मागावर वापरायचे तो हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. त्याची लाकडी मूठ इतक्या वर्षांत काळी पडली आहे. सीट उचलून त्यांनी चालू इंजिनात टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. हवेतून आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, पोलादातून पाच हजारांच्या आसपास. याच कारणाने गाडीतला आवाज शोधणं अवघड होतं. तो पत्र्यातून, चासीतून, सीटच्या नळ्यांमधून सगळीकडे एकाच वेळी पोचतो आणि चहूबाजूंनी ऐकू येतो. पण टोक नेमकं ठेवता आलं तर तेच पोलाद थेट त्या जागेचा आवाज कानाशी आणतं. लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. मागवाल्यांना आणि मेकॅनिकांना हे शिकायला लेनेक लागला नसणार.

पंपाच्या अंगाला टोक टेकवलं. मान हलवली. परत अल्टरनेटर, आधी पुढचा भाग, मग मागचा. मागच्या भागावर ते थांबले. "हितं खरखर हाय." बारीक ची त्यांना तिथेही ऐकू येत नव्हती. पण कोरडं पडलेलं बेअरिंग नुसतं किंचाळत नाही, आतून खरवडतंही, आणि ते खरवडणं त्यांच्या हाडाला समजत होतं. खात्रीसाठी इंजिन बंद करून बेल्ट उतरवला आणि अर्धा मिनिट तसंच चालू केलं (पंप फिरत नसताना जास्त वेळ चालवायचं नाही). रेघ गायब. मग दोन्ही पुली हाताने फिरवून बघितल्या. पंपाची पुली लोण्यासारखी फिरली. अल्टरनेटरच्या पुलीत वाळू असल्यासारखं लागत होतं. ते मलाही बोटांना कळलं.

टकचा शोध त्यामानाने लवकर संपला, कारण त्यात अण्णांना कुणाचे कान उसने घ्यायचे नव्हते. "पायाला लागतंय," ते म्हणाले. "कानाला नंतर." गाडी सपाट जागी, चाकांना विटा लावून, न्यूट्रलमध्ये. ते पोतं टाकून खाली सरकले, प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरला आणि मागेपुढे पिळला. मी शेजारी गुडघ्यावर बसून टॉर्च मारत होते. शाफ्टच्या मागच्या टोकाला, हौसिंगला तो जिथे जोडला जातो तिथे, अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी तुकडा असतो. गॅरेजात त्याला क्रॉस म्हणतात. चाक खड्ड्यातून वरखाली झालं तरी शाफ्ट फिरता राहावा म्हणून ते सांधे असतात, गुडघ्यासारखे. त्याच्या चारही टोकांवर टोप्या आणि आत सुईएवढ्या बारीक रोलरांचं बेअरिंग. आमच्या मागच्या क्रॉसच्या एका टोपीभोवती कुंकवासारखी लाल भुकटी जमली होती. आतलं ग्रीस संपलं की रोलर गंजून पूड होतात, ती पूड. शाफ्ट पिळला की तिथेच टक.

मागच्या सीटवरची तीन पोरं या क्रॉसच्या जवळजवळ डोक्यावर बसत होती.

अण्णा खालून बाहेर आले आणि काही बोलले नाहीत. ची वाजवणारं बेअरिंग बसलं असतं तर फार तर बॅटरी चार्ज व्हायची थांबली असती, गाडी कुठेतरी बंद पडली असती. चालत्या गाडीत क्रॉस तुटला तर शाफ्टच सुटतो. त्या दिवशी व्हॅन जागची हलली नाही. सोमवारी त्यांनी मुलांच्या घरी फोन केले, दोन दिवस रिक्षाची सोय स्वतःच्या पैशाने केली. क्रॉस आणि बेअरिंग दोन्ही मिळून हजार-बाराशेत बसले, अल्टरनेटर उघडायचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनने केलं आणि क्रॉस आमच्या गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रीने ठोकून बसवला. मिस्त्रीने जुना क्रॉस हातात घेऊन फिरवला. एक टोक अडकत होतं. "हे तुम्हाला कळलं कसं?" त्याने विचारलं. अण्णांनी पायाकडे बोट दाखवलं.

माझ्या डोक्यात मात्र तो दुसरा आवाज होता, जो त्यांना कळला नव्हता. परत जायच्या दोन दिवस आधी मी त्यांना कोल्हापूरला ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. ते येणार नाहीत अशी माझी तयारी होती, पण ते निमूट आले. मला वाटतं, त्या रेघेने काम केलं होतं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरच्या मशीनवर प्रत्येक आवाजाला दिवा लागतो. काही वेळा दिवा लागायचा आणि त्यांचा अंगठा तसाच असायचा. चेहरा अगदी सावध, एक ठोका चुकू नये म्हणून कान देऊन बसलेल्या माणसाचा.

आलेखात खालचे सूर ठीक होते. दोन हजारांनंतर रेघ उतरायला लागली, चार हजारांवर खोल गेली आणि आठ हजारांवर थोडी वर आली. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी विचारलं, "मागावर होता का?" इचलकरंजी हा पत्ता केसपेपरवर होताच. वयामुळे जाणारी रेघ सहसा शेवटपर्यंत उतरतच जाते, ही मध्येच बसलेली खाच गोंगाटाची. गेलेलं परत येत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. हॉर्न, मुलांचं ओरडणं, मागून येणारा ट्रक हे ऐकू येण्यात अडचण नाही. यंत्र लावलं तर स, श, त हे वेगळे ऐकू येतील.

अण्णांनी आलेख घडी घालून व्हॅनच्या आरसी-इन्शुरन्सच्या पाकिटात ठेवला. मार्चमध्ये डॉक्टरांना फॉर्मबरोबर तो आपण होऊन दाखवला. डॉक्टरांनी मागे उभं राहून हळू आवाजात, मग मोठ्याने बोलून बघितलं, बाहेर नेऊन हॉर्न वाजवायला लावला आणि सही केली.

कानाचं यंत्र घेतलं आहे. घरात लावतात. गाडीत काढून ठेवतात, खिडकी उघडी असली की वाऱ्याचा भडिमार होतो म्हणून. कुकरचं काम आईने परत दिलेलं नाही. आणि दर शनिवारी, शेवटची मुलगी उतरायच्या आधी, गाडी चालू ठेवून ते मागे वळून विचारतात, "काय वाजतंय का गं?" ती आता चौथीत गेली आहे. डोळे मिटून नीट ऐकते आणि मगच सांगते. मागच्या शनिवारी फोनवर अण्णा सांगत होते, तिने सरकत्या दाराचा खालचा रोलर दाखवलाय, कुरकुरतोय म्हणे.

"तुम्हाला येतो का ऐकू?" मी विचारलं.

"न्हाई. पण तेल घातलं."